डाव्या हातातली कात्री

तिला सगळे थांबाताई म्हणायचे. खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. "थांबा, हलू नका!" हे वाक्य दिवसभरात तिच्या तोंडून इतक्या वेळा निघायचं, की ते नावासारखं तिला चिकटलं. कुणी चहाचा कप ओठाशी नेलेला असो, कुणी खिडकी पुसायला स्टुलावर चढलेलं असो, थांबाताई कॅमेरा डोळ्याला लावून "थांबा" म्हणाली की थांबायचं. एकदा तिने शिंक येऊ घातलेल्या माणसालाही थांबवायचा प्रयत्न केला होता. शिंक थांबत नाही, हे तिला अजूनही पूर्णपणे पटलेलं नव्हतं.

पोटासाठी ती दात करायची. माणसांचे, पण खोटे. कुलपांच्या दुकानावरची एक लांबट खोली म्हणजे तिची लॅब. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचं माप घेऊन इथे पाठवत. इथे त्या मापात प्लॅस्टर ओतलं जाई आणि त्याचा पांढरा जबडा टेबलावर येऊन बसे. मग मेणात दात रोवायचे, मेणाच्या जागी गुलाबी प्लॅस्टिक भरायचं, ते उकळत्या पाण्यात पक्कं करायचं, घासायचं, चकाकवायचं, की झाली कवळी. या सगळ्यात माणूस असा कधी दिसायचाच नाही. दिसायचा तो त्याचा जबडा. थांबाताईची शेकडो माणसांशी ओळख होती आणि रस्त्यात भेटली असती तर त्यांतलं एकही तिला ओळखू आलं नसतं. त्यांनी जांभई दिली असती तर मात्र आलं असतं.

फोटोंचं वेड तिला कामातूनच लागलं. दाताचा रंग कळावा म्हणून लॅबमध्ये एक कॅमेरा होता. मालकांनी नवा घेतला तेव्हा जुना थांबाताईच्या वाट्याला आला. त्या बिचाऱ्याने तोपर्यंत दातांखेरीज जगात काहीच पाहिलं नव्हतं. तिने त्याला सकाळच्या उन्हात तरंगणारी प्लॅस्टरची धूळ दाखवली. मेण तापवायचा छोटा दिवा दाखवला. जिन्यात एकमेकांना वाट देताना होणारी लोकांची फुगडी दाखवली. आई रविवारी पलंगावर पालथी पडून शब्दकोडं सोडवते, अडली की पेनाचं टोपण चावते आणि शेवटी मागच्या पानावरचं उत्तर चोरून बघते, तेही दाखवलं. या शेवटच्या फोटोवरून घरात बरंच वाजलं.

"मी उत्तर बघत नव्हते, छपाई तपासत होते," आई म्हणाली.

लॅबमधल्या भिंतीवर थांबाताईने एक तार ताणली होती. महिन्याभरातले आवडलेले फोटो छापून ती चिमट्यांनी तिथे टांगायची. तिच्या शेजारच्या टेबलावर पॉलिशकाका बसायचे. सगळ्या कवळ्यांना शेवटची चकाकी त्यांच्या हातची. उरलेल्या गुलाबी प्लॅस्टिकमधून काका फावल्या वेळात बुद्धिबळाच्या सोंगट्या कोरायचे. उंट, घोडे, प्यादी, सगळी हिरडीच्या रंगाची. तारेवर त्यांतल्या एका घोड्याचा फोटो लागला, तेव्हा काका दिवसभर काही ना काही निमित्ताने त्या भिंतीकडे जाऊन आले.

पण तारेवर सगळ्यात जास्त गर्दी असायची ती बाबांची.

बाबांचं केस कापायचं दुकान होतं. गल्लीच्या तोंडाशी, टेलरच्या दुकानाला खेटून. बोळासारखी अरुंद जागा, एका भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत आरसा, त्याच्यासमोर खुर्ची आणि मागे थांबलेल्या गिऱ्हाइकांसाठी बाक. थांबाताईचं लहानपण या बाकावर गेलं. शाळेतून आली की ती तिथेच बसून अभ्यास करायची आणि बाबा केस कापता कापता तिला पाढे विचारायचे. नोकरी लागल्यावरही सुट्टीच्या दिवशी ती बाकावर हजर. आता मांडीवर पाटीऐवजी कॅमेरा. हवेत झटकलेलं कापड, फवाऱ्याचे थेंब, जमिनीवर पडलेले काळे-पांढरे केस, आणि या सगळ्याच्या मधोमध बोलणारे बाबा.

बाबा बोलायचे म्हणजे बोलायचेच. आणि बोलणं संपलं की शिट्टी. समोरच्या दोन मोठ्या दातांच्या शेजारचा त्यांचा एक दात जरा पुढे आलेला होता, आणि त्याच्या पलीकडे, सुळ्याच्या अलीकडे, चांगली फट. कात्री चालू झाली की त्या फटीतून एक बारीक सूर निघायचा. ती चाल कुठल्याच गाण्याची नव्हती. उकळी फुटण्याआधी किटली जशी स्वतःशीच गुणगुणते, तसलं काहीतरी. पण ती ऐकून भलेभले खुर्चीत पेंगायचे. शेजारचा टेलर तर म्हणायचा, "घरी गादीवर झोप येत नाही, म्हणून मी तुझ्याकडे केस वाढवून येतो."

मग बाबांच्या हिरड्यांनी दगा दिला. एकेक दात हलायला लागला आणि शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता सगळे काढलेलेच बरे." काढले. हिरड्या भरून यायला मधे काही महिने जाऊ द्यावे लागतात. ते महिने घरात कुणालाच मानवले नाहीत.

घरात बाबा तोंडावर हात धरून बोलायचे. दुकानात दोन्ही हात गुंतलेले, म्हणून तिथे त्यांनी कापडी मास्क लावायला सुरुवात केली. मास्कच्या आत बोलणं बंद झालं. शिट्टी तर गेलीच होती. गिऱ्हाईक बसायचं, केस कापले जायचे, गिऱ्हाईक उठायचं. टेलर एकदा अर्ध्यातच म्हणाला, "अरे, काहीतरी बोल की. मला दवाखान्यात आल्यासारखं वाटतंय." बाबा नुसती मान हलवून कापत राहिले. हळूहळू दुकान उशिरा उघडायला लागलं आणि लवकर मिटायला लागलं.

एके दिवशी जेवताना बाबा सहज सांगितल्यासारखं म्हणाले, "टेलरला त्याचं दुकान वाढवायचंय. मधली भिंत पाडली तर छान जागा होईल म्हणतो. देऊन टाकावं म्हणतोय."

आईचा घास हातातच राहिला. "आणि तुम्ही काय करणार?"

"तुझ्याबरोबर शब्दकोडी सोडवीन."

"नको गं बाई," आई थांबाताईकडे बघून म्हणाली, "हे माझ्या आधी मागचं पान उघडतील."

हसायला हवं होतं, पण कुणाला हसू फुटलं नाही. कात्री हातात नसलेले बाबा थांबाताईने कधी पाहिलेच नव्हते. "कवळी होईपर्यंत तरी काही ठरवू नका," ती म्हणाली. "मी करणार आहे ती. माझ्या हाताने."

"कर की," बाबा हाताआडून म्हणाले. "पण ते पांढरे शुभ्र, ओळीत उभे केलेले नकोत. मी हसलो तर गिऱ्हाईक खुर्चीतून उडी मारेल. आणि कवळी घालूनही दुकानात करमलं नाही, तर मग मला अडवायचं नाही."

तिने मनाशी ठरवून टाकलं. बाबांना नवे दात द्यायचेच नाहीत. त्यांचेच द्यायचे. तो पुढे आलेला दात, ती फट, सगळं जसंच्या तसं.

त्यासाठी फोटो हवा होता. घरातले जुने फोटो तिने काढून पाहिले, तर सगळ्यांत बाबा ओठ मिटून, श्वास रोखून उभे. त्या काळी फोटो काढायचा म्हणजे तोंड बंद ठेवायचं, असा बहुतेक कायदाच असावा. मग तिने स्वतःचे फोटो चाळले. तिथे मात्र चंगळ होती. शेवटी एक सापडला. टेलरच्या कुठल्याशा फालतू विनोदावर बाबा मान मागे टाकून हसताहेत, आणि वरची सगळी ओळ अशी स्वच्छ दिसतेय, की डॉक्टरीणबाईंनीही इतकी नीट कधी पाहिली नसेल. थांबाताईने फोटोतला फक्त चेहरा कापून घेतला, मोठा करून छापला आणि आपल्या टेबलासमोर चिमट्याला लावला.

हिरड्या भरल्या, माप आलं. बाबांचा पांढरा जबडा तिने दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवला. मग ती कामाला लागली. तयार दातांच्या पट्ट्यांतून तिने मुद्दाम जरा पिवळसर, चहा मुरलेला रंग निवडला. मेण तापवायचं, दात रोवायचा, फोटोकडे बघायचं, केसभर वळवायचा, पुन्हा बघायचं. पॉलिशकाका तिच्या खांद्यावरून डोकावले.

"अगं, हा दात वाकडा बसलाय."

"मुद्दाम बसवलाय."

"आणि ही फट?"

"तीही मुद्दाम."

काका चष्मा कपाळावर नेऊन तिच्याकडे बघत राहिले. "सरळ दात लावता लावता माझे केस पिकले. आणि तू मुद्दाम वाकडे लावतेस?"

"घरचं काम आहे काका. बाहेर असं करणार नाही."

"करूही नकोस. नाहीतर माझ्या म्हातारपणी मला इथे फट पॉलिश करत बसावं लागेल."

मेणातले दात तोंडात घालून बघायच्या दिवशी ती बाबांबरोबर दवाखान्यात गेली. या वेळी सगळं मेणात असतं, म्हणून चूक सापडली तर आताच सुधारायची. डॉक्टरीणबाईंनी बाबांना चावायला लावलं, आकडे म्हणायला लावलं, जबडा नीट मिटतोय ना पाहिलं. थांबाताई समोर फोटो धरून उभी होती. फोटोत बघायची, बाबांकडे बघायची. तंतोतंत. तो दात तिथेच, फट तिथेच. तिला तर टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या.

"आता तुम्हीही बघून घ्या," म्हणून डॉक्टरीणबाईंनी बाबांच्या हातात छोटा आरसा दिला.

आयुष्यभर गिऱ्हाइकाला मागची बाजू दाखवायला आरसा धरलेला तो हात. बाबांनी आरसा घेतला आणि सवयीने डॉक्टरीणबाईंच्या मानेमागे धरला. बाईंनीही सवयीने मान वळवून मागचे केस पाहिले आणि म्हणाल्या, "छान." मग तिघंही एकदम भानावर आली आणि असं हसू फुटलं, की बाबांनी घाईघाईने ओठ मिटून मेणाचे दात सांभाळले. आरसा परत ट्रेमध्ये गेला. त्यात स्वतःचं तोंड बघायचं राहूनच गेलं, हे त्या गडबडीत कुणाच्या लक्षातही आलं नाही.

कवळी तयार झाली. काकांनी तिला अशी चकाकी दिली, की ठेवायला मऊ कापड शोधावं लागलं. थांबाताई ती घेऊन घरी आली, बाबांनी ती तोंडात बसवली आणि सगळे आईकडे बघायला लागले.

आई बराच वेळ निरखत राहिली. "छान आहे," ती म्हणाली. पण पाहुण्यांच्या घरचे पडदे बघून म्हणतात ना, त्या सुरात.

बाबांनी सफरचंद चावून दाखवलं. बोलले, अगदी स्वच्छ बोलले. मग त्यांनी ओठ आवळले आणि जीभ कुठेशी नेली. नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवा.

"होईल सवय," ते म्हणाले. "छान केलीयेस हो. अगदी छान."

दुसऱ्या दिवशी ते कवळी घालून दुकानात गेले. संध्याकाळी परत आले ते तोंडावर मास्क लावूनच. चार दिवसांनी कवळी पाण्याच्या पेल्यात दिसायला लागली आणि पेला फळीवर, अगदी मागच्या बाजूला.

"टोचते का?" थांबाताईने विचारलं.

"छे."

"सैल आहे?"

"नाही गं. छान आहे."

तिने आईला गाठलं. आई कोडं सोडवत होती. "आई, खरं सांग, कवळीत काय चुकलंय?"

आईने पेन खाली ठेवलं. "काय चुकलंय ते मला सांगता येत नाही. तोच दात, तीच फट, सगळं तेच. पण जेवायला समोर बसले ना, की मला वाटतं ह्यांचा कुणीतरी भाऊ आलाय. आणि ह्यांना भाऊच नाही."

"त्यांनाही तसंच वाटतं?"

"ते काय सांगणार? टेलरला रविवारी टेप घेऊन बोलावलंय त्यांनी. जागा मोजायला."

थांबाताईला रात्रभर मेण आणि दात दिसत राहिले. माप बरोबर होतं, चावणं बरोबर होतं, फोटोशी जुळत होतं. आता करायचं तरी काय? तिचं सगळं शिक्षण सांगत होतं की कवळी उत्तम झालीये, आणि कवळी पेल्यात बुडून बसली होती.

रविवारी सकाळीच तिने पेल्यातली कवळी डब्यात घालून पर्समध्ये टाकली, काकांना एकदा दाखवावी म्हणून, आणि ती दुकानात गेली. टेलर यायला अवकाश होता. मनात आलं, जागा जाणारच असेल तर निदान फोटो तरी काढून ठेवावेत. ती नेहमीच्या बाकावर बसली. खुर्चीत एक गिऱ्हाईक होतं आणि बाबा मास्क लावून गुमान कापत होते. पाठमोरे बाबा आणि त्यांच्यापलीकडे आरशात समोरून दिसणारे बाबा. तिने कॅमेरा डोळ्याला लावला, आरशातल्या बाबांवर नेम धरला आणि "थांबा" म्हणायला तोंड उघडलं.

तोंड तसंच उघडं राहिलं.

आरशातल्या बाबांच्या डाव्या हातात कात्री होती.

"बाबा," ती कसंबसं म्हणाली, "तुम्ही कात्री कुठल्या हातात धरता?"

खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने दचकून डोळे उघडले. बाबांनी मास्कवरून तिच्याकडे पाहिलं. "दातांचं झालं, आता डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन ये. उजव्या. आणखी कुठल्या?"

ती उठली, पर्समधला कवळीचा डबा चाचपला आणि पळतच सुटली.

रविवार असला तरी काका लॅबमध्ये असणार, हे तिला माहीत होतं. बुद्धिबळातला वजीर अर्धा राहिला होता. तिने धापा टाकत कॅमेऱ्यात तो हसणारा मूळ फोटो उघडला. फक्त चेहरा नाही, अख्खा. मान मागे टाकून हसणारे बाबा. खिशात कंगवा, उजव्या बाजूला. तो तर डावीकडच्या खिशात असतो. आणि डाव्या हातात कात्री. फोटोत बाबा नव्हतेच. आरसा होता.

तिने दुसरा फोटो उघडला. आरसा. तिसरा. आरसा. तारेवरचे सगळे बाबा तिने एकेक करून पाहिले आणि प्रत्येकाच्या डाव्या हातात कात्री सापडली. बाकावर बसलेल्याला बाबांची पाठ तरी दिसायची, नाहीतर आरसा. पाढे म्हणतानाही ती आरशातल्या बाबांकडे बघूनच म्हणायची. तिच्या डोळ्यांना ते इतकं सवयीचं होतं, की त्यात काही उलटं आहे असं कॅमेऱ्यालाही कधी वाटलं नव्हतं. त्या उलट्या चेहऱ्यावरून तिने दात रोवले होते. डावीकडचा दात उजवीकडे. डावीकडची फट उजवीकडे. दवाखान्यात फोटो समोर धरून तिने तपासलं तेही त्याच फोटोवरून, मग जुळेल नाहीतर काय होईल!

काकांनी सगळं ऐकून घेतलं. वजीर खाली ठेवला. आणि मग ते जे हसायला लागले, ते टेबल धरूनच.

"अगं, दात उलटे लावणारे मी पाहिलेत. पण तू अख्खा बापच उलटा लावलास!"

"काका, हसू नका. टेलर टेप घेऊन येतोय."

"बरं बरं. काय करणारेस?"

"सगळी नव्याने करते."

"आणि तोवर भिंत पडेल. आण इकडे." काकांनी कवळी दिव्याखाली धरली, फिरवली. "मागच्या दाढांना हात कशाला लावायचा? चावायचं काम त्या करतायत, करू देत. पुढचेच तेवढे कापून काढ आणि बाजू बदलून बसव. दोन्ही बाजूंचे दात लागतील नवे, तेवढे आहेत पट्टीत. तू रोव, मी घासतो."

थांबाताईने पुढचे दात कापून काढले. मग मेण तापवून, बाजू बदलून नवे रोवले. या वेळी तिने फोटो समोर ठेवलाच नाही. फक्त एकदा डोळे मिटून बाबांना जेवणाच्या टेबलाशी, स्वतःसमोर बसवून पाहिलं. आई जिथून बघते, तिथून. मेणाच्या जागी तिने उकळावं न लागणारं, पटकन पक्कं होणारं प्लॅस्टिक भरलं. काकांनी घासून, धुऊन, पुसून कवळी तिच्या हातात दिली. "पळ. आणि या फटीचं पॉलिश मी केलं, हे बाहेर कुठे बोलू नकोस."

ती दुकानात पोचली तेव्हा गिऱ्हाईक गेलं होतं. बाबा झाडू मारत होते. तिने डबा पुढे केला. "घाला."

"आता काय केलंस?"

"आधी घाला. आणि आरशात बघा. स्वतःला."

बाबांनी मास्क खाली ओढला, पाठ करून कवळी बसवली आणि आरशाकडे वळले. मग हळूच जीभ फटीवर नेली. आरशातले बाबा आणि हे बाबा एकमेकांकडे, गावाहून आलेल्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तसे बघत राहिले.

"उलटे होते ना?" ती म्हणाली. "तुम्हाला दिसलं होतं?"

"पहिल्याच दिवशी. इथेच, या आरशात."

"मग बोलला का नाहीत?"

बाबा कंगवा पुसत म्हणाले, "तू इतकी खूश होतीस. म्हटलं, आपणच सवय करून घेऊ."

"तुम्ही तर 'छान' म्हणत होतात!"

"अगं, केस बिघडले तरी गिऱ्हाईक 'छान'च म्हणतं. मी मागे आरसा धरतो, ते मान वळवतं, छान म्हणतं आणि घरी जाऊन टोपी घालतं. ते छान कुठलं आणि खरं छान कुठलं, हे मला ऐकून कळतं. म्हटलं, तुला काही कळायचं नाही."

"मला नाही कळलं," ती म्हणाली. "आईला कळलं."

"तिला कळणारच. मागचं पान बघते ती."

दारात टेलर उभा राहिला. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल. "काय रे, मोजायची ना?" म्हणत त्याने टेपचं एक टोक दाराच्या चौकटीला लावलंसुद्धा.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या डोक्याकडे पाहिलं. "हे काय जंगल वाढवलंयस? बस आधी."

"अरे, मी जागा मोजायला..."

"जागा कुठे पळून चाललीये? बस म्हणतो ना."

टेलर बसला. बाबांनी कापड हवेत झटकून त्याच्या गळ्याभोवती घेतलं, फवारा मारला, कात्री उचलली. सुरुवातीला नुसतीच कात्री वाजली. थांबाताई बाकावर बसून ऐकत होती. मग एकदा हवा आली. मग हवेत थोडासा सूर. बाबांनी ओठ जरा डावीकडे वळवले, नेहमीसारखे, आणि किटली गुणगुणायला लागली. थोडी बसकी होती, मधेच अडखळत होती, पण तीच. कुठल्याच गाण्याची नसलेली ती चाल.

टेलरने डोळे विस्फारून आरशात पाहिलं. "अरे! हां. आता बरोबर." काय बरोबर, हे त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्याने खुर्चीत अंग सैल सोडलं आणि थोड्याच वेळात त्याची मान झुकली. गळ्यातला टेप कापडाखालून घरंगळत जमिनीवरच्या केसांत जाऊन पडला.

थांबाताई उठली. बाकावरून नाही, आज बाकावरून नको. खुर्चीला वळसा घालून ती आरसा आणि टेलर यांच्यामधल्या वीतभर जागेत कशीबशी शिरली, आरशाला पाठ लावली आणि कॅमेरा वर केला. भिंगात पहिल्यांदाच बाबा दिसले. उजव्या हातात कात्री, डाव्या खिशात कंगवा.

"थांबा, हलू नका."

"तू आरशापुढे उभी राहिलीस तर मी कापू कसं? सरक."

"एकच बाबा."

बाबा काही थांबले नाहीत. कात्री चालत राहिली, शिट्टी चालत राहिली. तिने तसाच फोटो काढला. फोटोत कात्रीचा हात जरासा हललेला आला.

केस कापून झाले. बाबांनी टेलरच्या खांद्यावर थाप मारली आणि मानेमागे छोटा आरसा धरला. टेलर दचकून जागा झाला, डोळे चोळले, मान इकडून तिकडे वळवली.

"छान," तो म्हणाला.

बाबांनी थांबाताईकडे बघून एक डोळा मिचकावला. "ऐकलंस? कानामागे राहिलंय अजून." आणि पुन्हा कात्री उचलली.

"पण मी आलो कशाला होतो?" टेलरने विचारलं.

"केस कापायला," बाबा म्हणाले. "मान खाली कर."